शॉर्टकटला हद्द आखून द्या

व्हीएस कोडमध्ये कोड लिहिताना कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबून बघा. कर्सर ओळीच्या मधोमध असला तरी ओळ तुटत नाही, खाली नवी कोरी ओळ उघडते. सोर्स कंट्रोलच्या चौकटीत बदलांविषयी दोन शब्द लिहून हीच दोन बटणं दाबली की कमिट होतं. ज्युपिटर नोटबुकमध्ये दाबली की समोरचा सेल चालतो, आणि शोधाच्या निकालावर उभं राहून दाबली की ती फाइल शेजारी उघडते. बटणं तीच, पण कामं चार. तरी बोटांचा गोंधळ उडत नाही, कारण आपण कुठे आहोत हे आपल्याला ठाऊक असतं आणि एडिटरलाही.

हे एडिटरला कसं ठाऊक असतं, याचा विचार मी कधी केला नव्हता. मग एका सकाळी मी कंट्रोल+एंटरला नवं काम दिलं : समोर उघडी असलेली पायथनची फाइल टर्मिनलमध्ये चालवायची. दिवसभर ते छान चाललं. संध्याकाळी कमिटचा संदेश लिहिला, सवयीनं कंट्रोल+एंटर दाबलं, खालच्या टर्मिनलमध्ये काहीतरी सरकलेलं दिसलं, ते कमिटचंच असेल असं धरून मी उठलो. दुसऱ्या दिवशी कळलं की कमिट झालंच नव्हतं. त्याऐवजी समोर उघडी असलेली स्क्रिप्ट चालली होती, आणि ती होती जुन्या नोंदी पुसणारी. जोडणी चाचणीच्या डेटाबेसशी होती म्हणून निभावलं.

बटणं चुकीची निवडली होती असं नाही. नियम लिहिताना मी त्याला हद्दच दिली नव्हती. स्वतःचे शॉर्टकट बनवणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो : आधी हद्द ठरवा, मग बटण निवडा. ती कशी ठरवायची आणि कशी लिहायची, ते इथे व्हीएस कोड डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. बटणं विंडोज आणि लिनक्सची आहेत. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड येतं.

कंट्रोल+के आणि लगेच कंट्रोल+एस दाबलं की सगळ्या शॉर्टकटांचा तक्ता उघडतो. त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून तुमच्या स्वतःच्या नियमांची जेसन फाइल उघडते. प्रत्येक नियमाची घरं मुख्यतः तीन असतात : ‘की’मध्ये बटणं, ‘कमांड’मध्ये काम, आणि ‘व्हेन’मध्ये अट. पहिली दोन घरं भरली की शॉर्टकट चालू होतो, म्हणून तिसरं घर बहुतेक जण रिकामं सोडतात. हद्द तर नेमकी त्या तिसऱ्या घरात राहते.

रिकाम्या घराचा अर्थ ‘नेहमी, सगळीकडे’ असा होतो. त्यात एडिटरची वाचायची पद्धत ध्यानात घ्या. सुरुवातीला एडिटरचे मूळ नियम, त्यांच्याखाली एक्स्टेन्शनांनी आणलेले, आणि सगळ्यात शेवटी तुमचे, अशी एकच लांब यादी असते. बटण दाबलं की ती यादी खालून वर वाचली जाते. बटणंही जुळली आणि अटही खरी ठरली असा पहिला नियम भेटला की वाचन तिथेच थांबतं, त्याच्या वरचे नियम बघितलेच जात नाहीत. तुमचे नियम तळाशी असल्यामुळे पहिला मान त्यांचा. म्हणूनच माझ्या बिनअटीच्या एका ओळीनं नवी ओळ उघडणं, कमिट करणं, सेल चालवणं, फाइल शेजारी उघडणं ही चारही कामं एका दमात झाकून टाकली. एडिटरनं कुठे तक्रार केली नाही, कारण त्याच्या लेखी सगळं नियमानुसार चाललं होतं.

आता अट लिहू. त्यासाठी फोकसचे चार शब्द नीट ओळखायला हवेत. ते एकमेकांसारखे दिसतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. सगळ्यात ऐसपैस आहे ‘इनपुट फोकस’ : मजकूर टाइप करता येईल अशी कुठलीही जागा, मग ती साधी शोधाची पट्टी का असेना. त्याच्या आत ‘टेक्स्ट इनपुट फोकस’ : कुठलाही एडिटर, त्यात कमिटची चौकट आणि डीबग कन्सोलची ओळही आली, कारण आतून त्याही छोट्या एडिटरच आहेत. ‘एडिटर फोकस’ म्हणजे एडिटर आणि त्याच्या अंगावर उघडणाऱ्या फाइंडसारख्या चौकटी. आणि ‘एडिटर टेक्स्ट फोकस’ म्हणजे खऱ्या फाइलीच्या मजकुरात कर्सर लुकलुकतो आहे, तेवढंच. कोडवर काम करणाऱ्या शॉर्टकटला जवळजवळ नेहमी हा शेवटचा हवा असतो. ‘टेक्स्ट इनपुट’ नावाला भुलून मी तो घेतला असता, तर कमिटची चौकट पुन्हा हद्दीत आली असती. फाइलमध्ये ही नावं रोमन लिपीत, शब्द न तोडता, दुसऱ्या शब्दापासून पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहायची.

तर माझी पहिली दुरुस्ती अशी झाली : एडिटर टेक्स्ट फोकस, आणि भाषेची ओळख पायथन. दोन्ही अटी && नं जोडल्या, भाषेची तुलना == नं केली. कमिट सुधारलं आणि मी निर्धास्त झालो. आठवड्याभरात नोटबुक उघडली, सेलमध्ये कंट्रोल+एंटर दाबलं, आणि सेल काही चालेना. कारण उघड होतं. नोटबुकच्या सेलमध्येही खरा मजकूर असतो, त्यातही कर्सर लुकलुकतो, आणि भाषाही पायथनच. माझ्या दोन्ही अटी तिथे खऱ्या ठरत होत्या. तिसरी अट जोडावी लागली : नोटबुक एडिटर फोकस्ड नसावं, म्हणजे त्या नावाच्या आधी उद्गारचिन्ह. तेव्हा कुठे हद्द बंद झाली.

त्या दिवसापासून मी अट लिहिताना दोन प्रश्न विचारतो. हा शॉर्टकट कुठे चालायला हवा, हा पहिला. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कुठल्या जागी तो चालता कामा नये, हा दुसरा, आणि खरा कस त्याचा. पायथनच्या अधिकृत एक्स्टेन्शननं आपल्या शिफ्ट+एंटरला लावलेली अट तक्त्यात शोधून वाचा. निवडलेल्या ओळी टर्मिनलमध्ये चालवण्याचं साधं काम, पण अटीत फाइंडची पट्टी नको, रिप्लेसची पट्टी नको, नोटबुक नको, अशी ‘नको’ची रांगच लावलेली आहे. ज्यांनी हा नियम हजारो लोकांच्या हातात दिला, त्यांना या जागा एकेक करून सापडल्या असणार. चांगली अट शिकायची तर अशा नियमांपासून शिका.

अटी जोडताना एक सापळा सांभाळा. पायथन किंवा जावास्क्रिप्ट, दोन्हींसाठी नियम हवा म्हणून बरेच जण लिहितात : मजकुरात फोकस && भाषा पायथन || भाषा जावास्क्रिप्ट. वाचताना ते बरोबर वाटतं. पण && आधी बांधलं जातं, || नंतर. त्यामुळे फोकसची अट फक्त पायथनला लागते, जावास्क्रिप्टचा तुकडा मोकळा सुटतो, आणि त्या फाइलीत फाइंडच्या पट्टीत शोधशब्द लिहिताना दाबलेल्या बटणालाही नियम लागू होतो. मी अशा वेळी सरळ दोन नियम लिहितो. दोन ओळी जास्त होतात, पण सहा महिन्यांनी वाचताना डोकं खाजवावं लागत नाही.

हद्द फक्त जागेची नसते, स्थितीचीही असते. टॅबचंच बघा. सुचवण्यांची यादी उघडी असेल तर टॅब त्यातला शब्द घेतो, स्निपेट भरत असाल तर पुढच्या रिकाम्या जागेवर उडी मारतो, यातलं काहीच नसेल तर मजकूर आत सरकवतो. विंडोजवर व्हीएस कोडच्या टर्मिनलमधलं कंट्रोल+सी याहून बोलकं आहे. मजकूर निवडलेला असेल तर ते कॉपी करतं, नसेल तर चालू असलेला प्रोग्राम थांबवतं. दोन्ही कामं आपण दिवसातून कितीतरी वेळा करतो आणि मध्ये एक अट उभी आहे हे लक्षातही येत नाही. तुमच्या शॉर्टकटलाही अशी स्थिती देता येते. मजकूर निवडलेला असतानाच चालणारा, डीबगर थांबलेला असतानाच चालणारा, फाइल फक्त वाचण्यापुरती उघडी असेल तर न चालणारा, असे नियम लिहिता येतात आणि ते फार सुखाचे असतात. मोकळी बटणं आधीच कमी आहेत. स्थितीनं वाटून घेतलं तर एकच बटण दोन-तीन कामांना पुरतं.

जोडशॉर्टकटांबद्दल एकच इशारा देतो. कंट्रोल+के दाबून पुढे दुसरं बटण दाबायचे शॉर्टकट व्हीएस कोडमध्ये पुष्कळ आहेत. नुसत्या कंट्रोल+केला तुम्ही बिनअटीचं काम दिलंत, तर ते सगळे एका फटक्यात जातात, आणि वर सांगितलेला तक्ता उघडण्याचा शॉर्टकटही त्यातच जातो. उलट बाजूनं पाहिलं तर जोडशॉर्टकट हीच स्वतःची जागा राखण्याची उत्तम सोय आहे. 1985 साली आलेल्या ग्नू ईमॅक्स या एडिटरमध्ये याची लेखी शिस्त आहे : कंट्रोल+सी आणि त्यानंतर साधं अक्षर, तसंच एफ-5 ते एफ-9 ही बटणं, वापरणाऱ्याच्या मालकीची. कुठल्याही पॅकेजनं त्यांना हात लावायचा नाही. व्हीएस कोडमध्ये असा करार नाही. म्हणून आपणच एक रिकामं जोड शोधावं, ते आपलं दार ठरवावं, आणि स्वतःचे सगळे शॉर्टकट त्या दारातून आत न्यावेत. माझे आठ-दहा नियम असेच एका दारामागे आहेत. नवं एक्स्टेन्शन आलं तरी त्यांना सहसा धक्का लागत नाही.

टर्मिनलचं प्रकरण वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. टर्मिनलमध्ये फोकस असताना बटणांवर दोघांचा हक्क असतो : एडिटरचा आणि आत चाललेल्या शेलचा. बॅशमध्ये कंट्रोल+पी म्हणजे मागची कमांड, एडिटरमध्ये कंट्रोल+पी म्हणजे फाइल शोधणं. व्हीएस कोडनं यासाठी एक यादी ठेवली आहे. त्या यादीतल्या कमांडींची बटणं एडिटर स्वतःकडे ठेवतो, बाकीची शेलकडे जातात. फाइल शोधण्याची कमांड मुळातच त्या यादीत आहे, म्हणून टर्मिनलमध्येही कंट्रोल+पी दाबलं की शेलचा इतिहास न येता फाइलींची पट्टी उघडते. सेटिंगमध्ये ‘कमांड्स टू स्किप शेल’ शोधा. तिथे कमांडीच्या नावाआधी वजाचं चिन्ह लावून नोंद केली की ते बटण शेलला मिळतं. वजा न लावता एखादी नवी कमांड लिहिली की तिचं बटण एडिटरकडे येतं. ‘अट बरोबर आहे, टर्मिनल फोकस असंही लिहिलंय, तरी शॉर्टकट चालत नाही’ अशी तक्रार असेल, तर बहुधा त्या यादीत नोंद करायची राहिलेली असते. आणि बॅशमध्ये ओळीचा शेवटपर्यंतचा भाग पुसणारं कंट्रोल+के चालत नसेल, तर ते जोडशॉर्टकटाची सुरुवात समजून एडिटरनं धरून ठेवलेलं असतं. ‘अलाउ कॉर्ड्स’ ही टर्मिनलची सेटिंग बंद केली की ते सुटतं.

काही बटणं तर एडिटरपर्यंत पोचतच नाहीत. उबुंटूवर कंट्रोल+ऑल्ट+टी दाबलं की नवं टर्मिनल उघडतं, तुमचा नियम कितीही नेटका असला तरी. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण आपण दोन कीबोर्ड बाळगून असतो. मॅकवर इंग्रजीसोबत देवनागरी कीबोर्ड जोडला की त्यांच्यात अदलाबदल करायला कंट्रोल+स्पेस वापरलं जातं, आणि व्हीएस कोडमध्ये सुचवण्या मागवण्याचं बटणही कंट्रोल+स्पेसच आहे. सुचवण्या येत नाहीत म्हणून एक्स्टेन्शन काढून पुन्हा घालणारे मी पाहिले आहेत. खरं तर ते बटण वरच्या वर मॅकनं घेतलेलं असतं. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषाबदलाचं बटण बदला, किंवा सुचवण्यांसाठी दुसरं बटण ठरवा. विंडोजवर ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्ड असेल तर कंट्रोल+ऑल्ट+4 दाबलं की ₹ उमटतो, कारण उजवं ऑल्ट आणि कंट्रोल+ऑल्ट हे विंडोजच्या लेखी एकच. त्या जोडाला एडिटरमध्ये काम दिलंत की तिथे रुपयाचं चिन्ह टाइप करणं गेलं. म्हणून कंट्रोल+ऑल्टची जोडं मी शक्यतो टाळतो. देवनागरी लेआउट चालू असताना एखादा शॉर्टकट हुलकावणी देत असेल, तर अक्षराऐवजी बटणाच्या जागेलाही नियम बांधता येतो. त्या जागेचं नाव चौकोनी कंसात लिहिलं की लेआउट कुठलाही असो, बोट त्याच ठिकाणी पडतं.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : या प्रकल्पात एक शॉर्टकट, त्या प्रकल्पात दुसरा, असं करता येतं का? सेटिंग आणि टास्क प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात, शॉर्टकटांचे नियम मात्र येत नाहीत. ते तुमच्याकडेच राहतात. यावर मला आवडलेला उपाय असा : बटणाला ‘टास्क चालव’ ही कमांड द्यायची आणि सोबत टास्कचं नाव, समजा ‘टेस्ट’. मग प्रत्येक प्रकल्पाच्या टास्कच्या फाइलीत ‘टेस्ट’ नावाचा टास्क लिहायचा, एका ठिकाणी तो पायटेस्ट चालवेल, दुसऱ्या ठिकाणी एनपीएम. बोटांना एकच सवय लागते आणि अर्थ प्रकल्प ठरवतो. शॉर्टकटच्या अटीत फोल्डरचे मार्ग लिहिण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे, आणि संगणक बदलला तरी टिकतं. संपूर्ण मांडणीच वेगळी हवी असेल, उदाहरणार्थ वर्गात शिकवताना, तर वेगळं प्रोफाइल करा. त्याचे शॉर्टकट वेगळे ठेवता येतात. सिंक चालू असेल तर विंडोज आणि मॅकचे नियम आपोआप निरनिराळे राहतात, त्याची काळजी नको.

बिघाड शोधायची वेळ आली तर अंदाज बांधत बसू नका. तक्त्याच्या शोधपट्टीत बटणं अवतरणचिन्हांत लिहिली, की तेवढ्याच जोडाचे सगळे नियम समोर येतात, प्रत्येकाची अट आणि तो कुठून आला हे सांगणारा ‘सोर्स’चा रकाना यांच्यासह. तरी उलगडा झाला नाही तर कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून कमांड पॅलेटमध्ये ‘कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ शोधून चालू करा. आता प्रत्येक बटणाची हकीकत खालच्या आउटपुटमध्ये उमटते : कोणतं बटण आलं, कोणता नियम जुळला, तो कुणाचा. तिथे तुमच्या बटणाची एकही ओळ उमटली नाही, तर ते एडिटरपर्यंत आलंच नाही, शोध वर संगणकाच्या सेटिंगमध्ये घ्यायचा. नियम दुसराच जुळला असेल, तर अट तपासायची. त्यासाठी ‘इन्स्पेक्ट कॉन्टेक्स्ट कीज’ ही कमांड आहे. ती देऊन खिडकीच्या ज्या भागावर क्लिक कराल, तिथे त्या क्षणी कोणकोणत्या अटी खऱ्या आहेत त्याची यादी डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये मिळते. नोटबुकच्या सेलवर क्लिक करून मला माझी तिसरी अट अशीच सापडली.

आता तुमची स्वतःची फाइल उघडा आणि ‘व्हेन’ नसलेल्या ओळी शोधा. सगळ्याच चुकीच्या असतील असं नाही. साइडबार उघडणं, थीम बदलणं यांना हद्द नसली तरी चालतं, कारण ती कामं कुठेही तीच राहतात. मजकूर बदलणाऱ्या, काहीतरी चालवणाऱ्या, पुसणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या ओळींना मात्र आजच अट लावा. आधी लिहिलेला नियम नकोसा झाला असेल तर तो पुसून टाका. एडिटरचा मूळ नियम नको असेल तर तेच जोड आणि तीच अट ठेवून कमांडीच्या नावाआधी वजाचं चिन्ह लावलेली ओळ लिहा. नुसतं नव्या बटणाला तेच काम दिल्यानं जुनं बटण सुटत नाही, दोन्ही चालू राहतात. आणि प्रत्येक ओळीच्या वर दोन तिरप्या रेघा ओढून आपल्या भाषेत एक टिपण ठेवा : हा शॉर्टकट कुठे चालावा, कुठे नाही. या फाइलीत टिपणं चालतात. माझ्या कंट्रोल+एंटरवर आज लिहिलंय, ‘फक्त साध्या पायथन फाइलीत, कमिटच्या चौकटीत आणि नोटबुकमध्ये नाही.’